सूज ओसरेपर्यंत थांबू नये

दुचाकी घसरून माणूस रुग्णालयात आला की घरच्यांचा पहिला प्रश्न मेंदूविषयीचा असतो. ते स्वाभाविकच आहे. डोक्याचा सी. टी. स्कॅन होतो, आत रक्तस्राव नाही असे कळते आणि सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. चेहरा मात्र सुजलेला असतो. 'सूज ओसरली की पाहू' असे सांगून रुग्णाला घरी धाडले जाते. आमचा आक्षेप आहे तो या 'पाहू'वर.

सूज मोठी लबाड असते. गालाचे हाड आत दबले तरी तो खळगा ती भरून काढते. दोन-तीन आठवड्यांनी गाल चपटा दिसू लागतो, तोवर हाडे भलत्याच जागी जुळू लागलेली असतात. ती पुन्हा मोडून बसवणे आले. डोळ्याच्या खोबणीचा तळ तर कागदासारखा पातळ. तो फुटून डोळा हलविणारा स्नायू फटीत अडकला की एकाच्या जागी दोन दिसतात. मुलांच्या बाबतीत हे विशेष फसवे. पुष्कळदा डोळा लालसुद्धा होत नाही. मूल ओकते, वर पाहू शकत नाही, आणि सारे मेंदूच्या माराचे लक्षण समजतात. तेथे एक-दोन दिवसांचा विलंबही महाग पडतो.

साध्या क्ष-किरण चित्रात चेहऱ्याची हाडे एकमेकांवर पडून गोंधळ होतो. फ्रेंच शल्यवैद्य रने ल फोर यांनी 1901 साली मृतदेहांवर प्रयोग करून वरच्या जबड्याच्या भंगाच्या रेषा दाखविल्या. जिवंत माणसात त्या नेमक्या दिसाव्यात यासाठी हाउन्सफील्ड यांचे यंत्र यावे लागले. 1971 साली लंडनमध्ये ते प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. आता मिलिमीटरभर वा त्याहूनही पातळ छेद घेता येतात.

ऊठसूट स्कॅन करा असे आम्ही म्हणत नाही. नुसते नाक मोडले तर त्याची सहसा गरज नसते, आणि किरणोत्सर्ग काही फुकटचा नव्हे. परंतु गाल बधिर झाला असेल, दात नीट जुळत नसतील, एकाची दोन दिसत असतील, तर डोक्याचा स्कॅन कवटीच्या तळाशी न थांबविता हनुवटीपर्यंत न्यावा. रुग्ण टेबलावर असतोच. काम काही सेकंदांचे. (अर्धे हेल्मेट जबडा झाकीत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) आणि काणकोणहून बांबोळीस पाठविलेल्या रुग्णाबरोबर केवळ अहवालाचा कागद नव्हे, तर मूळ चित्रेही गेली पाहिजेत. आरोग्य खात्याने तसा लेखी आदेश काढावा.