दोराचे वय
गिर्यारोहकाच्या दोरावर निर्मितीचे वर्ष नोंदलेले असते. न वापरलेला नायलॉनचा दोरही दहा वर्षांनी बाद करावा, असे उत्पादक बजावतात. भिगवण परिसरात यारीच्या दोरावर विसंबून विहिरीत उतरणाऱ्या मजुराला त्या दोराचे वय कोण सांगतो? १९४८ च्या कारखाना कायद्याने दोरांची वार्षिक तपासणी व नोंदवही सक्तीची केली. परंतु विहीर म्हणजे कारखाना नव्हे! ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडीत विहीर ढासळून चार मजूर गाडले गेले. तेथे दोर तुटला नव्हता. तरीही खालच्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तोच आहे. प्रत्येक दोराला खरेदीच्या तारखेचा बिल्ला, ग्रामपंचायतीत त्याची नोंद आणि नव्या दोराचा खर्च मालकाकडे, ही मागणी कार्यकर्त्यांनी आगामी ग्रामसभेतच मांडली पाहिजे.