शंभर टक्के निकाल आणि दाखल-खारिज रजिस्टर



स्मरणिकेत नेहमीप्रमाणे यंदाही शाळेच्या सर्व विभागांचे वार्षिक अहवाल आहेत. विज्ञान विभागाच्या सहलीत मुलांनी सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे डायनासोरचे जीवाश्म पाहिले. गणित विभागाने सकाळच्या वंदनेनंतरचे जादा तास वर्षभर चालविले. कबड्डीचा संघ तालुक्यापर्यंत पोहोचला. या सर्व अहवालांच्या अखेरीस एक वाक्य ठरलेले असते: दहावीच्या परीक्षेत आमच्या विषयाचा निकाल शंभर टक्के. इतिहास विभागाच्या अहवालात हे वाक्य आम्हीही अनेक वर्षे लिहीत आलो. यंदा मात्र ते लिहिताना लेखणी अडखळली. तसे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

माजी विद्यार्थ्यांची यादी सिद्ध करण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले होते. त्यासाठी कार्यालयातून जुनी दाखल-खारिज रजिस्टरे मागविली. नावे उतरवून घेता घेता आमचे लक्ष शेवटच्या रकान्यांकडे गेले. 'शाळा सोडतेवेळची इयत्ता' या रकान्यात पुन्हा पुन्हा नववी, आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात एकच शब्दसमूह: पालकांचे विनंतीवरून. ज्यांचे पालक अहेरी-एटापल्लीहून एस.टी.ने दिवसभर प्रवास करून आले, ते अशी विनंती करण्यासाठी आले होते काय? आम्हांला ठाऊक आहे. ते बोलावल्यावरून आले होते, आणि विनंतीचा मजकूर बहुतेक वेळा आम्हीच सांगितला होता.

वाचकांपैकी अनेकांना ही रीत माहीत असेल. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कित्येक वर्षे कोणास नापास करता येत नव्हते, म्हणून चाळण नववीत लागू लागली. शाळेच्या निकालात तोच विद्यार्थी मोजला जातो, जो त्या शाळेतून नियमित म्हणून परीक्षेस बसतो. मग गणित-इंग्रजीत कच्च्या मुलाच्या पालकास सौम्य शब्दांत सांगितले जाते की दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येईल. सतरा नंबरच्या फॉर्मला आमचा विरोध नाही. संसारात अडकलेल्या बाईला, लहान वयात मजुरीला लागलेल्या तरुणाला तो मोठा आधार आहे. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला वसतिगृहाबाहेर काढण्यासाठी त्याचा उपयोग झाला, तर तो आधार राहत नाही. तो मुलगा पुढे खाजगीरीत्या उत्तीर्ण झाला की जंगलात मोह वेचत राहिला, हे आमच्या कोणत्याही अहवालात येत नाही.

एक मुलगी आठवते. नाव लिहीत नाही. अहेरी तालुक्यातील, घरी माडिया बोलणारी, आठवीत आमच्याकडे दाखल झालेली. इतिहासाच्या तासाला ती कधी बोलत नसे. एकदा वीर बाबुराव शेडमाके यांचा विषय निघाला. १८५८ च्या त्यांच्या उठावाबद्दल आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना दिलेल्या फाशीबद्दल आम्ही सांगत होतो, तेव्हा ती उठून फळ्यापाशी आली. त्या मुलखातील नाले, पायवाटा, बाजाराची गावे तिने खडूने काढून दाखविली. पाठ्यपुस्तकातील नकाशात त्यांपैकी काहीच नव्हते. त्या दिवशी वर्गाला आम्ही शिकविले नाही, तिने शिकविले. वर्षभराने नववीत ती गणितात आणि इंग्रजीत राहिली. सभेत यादी वाचली गेली, तीत तिचे नाव होते. वडील आले, अर्जावर अंगठा उठवून गेले. वर्गशिक्षक म्हणून खाली सही आमची आहे. पुढच्या वर्षी तिच्या तुकडीचा निकाल शंभर टक्के लागला, शिक्षकांचा सत्कार झाला, आणि पुष्पगुच्छ घेतलेले आमचे छायाचित्र याच स्मरणिकेच्या एका जुन्या अंकात आहे.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलेला हिशेब इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही कितीदा तरी वर्गात सांगितला आहे. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ अठरा पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सरकारला सुनावले होते. अठरांचा निकाल काय लागला, हे त्यांनी विचारले नाही. त्यांची नजर ब्याऐंशींवर होती. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेही याच गळतीवरचा उपाय म्हणून आम्ही पाहतो. घर दूर आहे, घरी पोटाची ओढ आहे, म्हणून मुलाला निवाऱ्यासह शाळा द्यायची. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यात धम्मदीक्षा झाली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पिढीने त्या दीक्षेमागोमाग शिक्षणाचे काम अंगावर घेतले. आमची निवासी शाळा त्याच वाटेवर उभी आहे. तिने तरी अठरांचाच हिशेब लिहू नये.

मूल का गळते, हे आमच्या भागात गूढ नाही. दिवाळीच्या सुटीत धानाची कापणी असते. घरी गेलेली मुले सुटी संपल्यावर आठ-पंधरा दिवसांनी परततात, काही परततच नाहीत. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला नेतात. मार्चमध्ये इकडे परीक्षा, तिकडे मोहफुलांचा हंगाम. गणित विभागाने सरासरी आणि आलेख शिकविताना याच शाळेचा जूनचा, दिवाळीनंतरचा आणि फेब्रुवारीचा पट मुलांपुढे ठेवावा, म्हणजे आलेख कोठे उतरतो ते मुलेच दाखवतील.

आणि भाषा. यंदा मराठी विभागाने काढलेल्या हस्तलिखिताचे आम्ही मनापासून कौतुक करतो. मुलांनी आपापल्या घरचे शब्द आणले: गोंडी, माडिया, झाडीबोली, सिरोंच्याकडच्या मुलांनी तेलुगू, मुलचेऱ्याच्या मुलांनी बंगाली. गोंडीत पाण्याला येर म्हणतात, हे आमच्या कित्येक सहकाऱ्यांना या वर्षी प्रथम कळले. (वीस वर्षे त्या मुलांना पाणी वाढून आम्हांलाही ते माहीत नव्हते, हे कबूल करतो.) पण त्याच विभागाच्या अहवालात दोन परिच्छेदांनंतर 'आदिवासी विद्यार्थ्यांचे शुद्धलेखन समाधानकारक नाही' हे जुने वाक्य जसेच्या तसे आहे. मराठी ज्याची दुसरी भाषा आहे, त्याने तिसऱ्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, पस्तीस गुण मिळविण्यासाठी किती अंतर कापले, हे मोजायची पट्टी आमच्याजवळ नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात, निकाल उतरला तर पालक मुले दुसरीकडे घालतील, पटसंख्या घटेल, संचमान्यतेत पदे कमी होतील, शिक्षक अतिरिक्त ठरतील. ही भीती खोटी नाही. आम्हीही त्याच पगारावर घर चालवितो. तरीही हिशेब करून पाहावा. नियमित बसून नापास झालेल्या मुलाला पुरवणी परीक्षेपर्यंत वसतिगृहाची खोली असते, दोन वेळचे जेवण असते, शंका विचारायला शिक्षक असतो. दाखला हाती देऊन पाठविलेल्या मुलाजवळ यांतले काही नसते. शाळेचे पाच-सहा टक्के जातील. त्याच्या तुलनेत मुलाचे काय जाते, ते पालकसभेत मोकळेपणाने मांडले तर पालकांना समजणार नाही, असे आम्हांला वाटत नाही. यांतले अनेक पालक स्वतःच नववीत गळालेले आहेत.

म्हणून पुढील वर्षापासून प्रत्येक विभागाने निकालाच्या वाक्याआधी आणखी एक ओळ लिहावी, असा प्रस्ताव आम्ही शिक्षकसभेत ठेवला आहे: ही तुकडी आठवीत होती तेव्हा तीत किती मुले होती, दहावीला किती बसली, आणि उरलेली आज कोठे आहेत. इतिहास विभाग ही ओळ लिहिणार आहे, इतर विभागांनी लिहिली नाही तरी.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीबद्दल सांगायचे राहिले. आजवर दहावी उत्तीर्ण झालेल्यांचीच नावे तीत येत. यंदा दाखला घेऊन गेलेल्यांची नावेही त्यांच्या तुकडीत, वर्णानुक्रमे, कोणतीही खूण न करता घातली आहेत. स्नेहमेळाव्याचे निमंत्रण रजिस्टरातील पत्त्यांवर धाडले. त्यांपैकी बरीच पाकिटे परत आली. एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांतील वाचकांनी ही यादी गावात दाखवावी, आणि कोणाचा ठावठिकाणा लागल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. ज्यांना अजून परीक्षेस बसायचे असेल, त्यांचा सतरा नंबरचा फॉर्म आम्ही भरून देऊ आणि दर रविवारी दुपारी शाळेतच शिकवू. गणितासाठी एका सहकाऱ्याने होकार दिला आहे. इंग्रजीसाठी अजून कोणी मिळालेले नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी येऊ शकेल काय?