खिडकी कोणाच्या वाट्याला?

गेल्या महिन्यात कंपनीने पुण्यातल्या नव्या ऑफिसचे आराखडे आम्हा जर्मनीतल्या टीमकडे मत द्यायला पाठवले. भिंतीवर वारली चित्रं, कोपऱ्यात झोपाळा, बीन बॅग, टेबल टेनिस. 'छान!' असं मी लगेच लिहूनही टाकलं. नकाशा नीट पाहिला तो नंतर. खिडक्यांच्या कडेने साहेबांच्या केबिन आणि मीटिंग रूम, मधल्या भागात दिव्यांखाली इंजिनीअरांच्या लांबच लांब ओळी. फोनवर बोलायला बंद खोल्या दोनच.

मी इथे खिडकीजवळ बसतो. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. कामाच्या जागी शक्यतो पुरेसा दिवसाचा उजेड हवा आणि बाहेरचं दिसायला हवं, असं जर्मनीची नियमावलीच सांगते, अपवाद मोजके. काम तेच, डेडलाइन तीच. पण पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्याला पाऊस पडून गेल्याचं कळतं ते जिना उतरल्यावर.

खिडकी ही चैन नाही. रॉजर उलरिक यांचा 1984 चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. ऑफिस म्हणजे रुग्णालय नव्हे, हे मान्य. पण दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनकडे पाहणारा माणूसही माणूसच आहे.

दुसरा भ्रम मोकळ्या हॉलचा. भिंती काढल्या की लोक एकमेकांशी बोलतील, कल्पना सुचतील, असं सांगतात. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांत हे मोजून पाहिलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. मोकळ्या ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. नवल कसलं? सगळे ऐकतायत म्हटल्यावर आपण हेडफोन चढवतोच की.

याउलट एमआयटीची 'बिल्डिंग 20' पाहा. 1943 मध्ये युद्धकाळात घाईघाईत उभी केलेली तात्पुरती लाकडी इमारत. दिसायला सुमारच. पण आतले लोक गरजेप्रमाणे भिंती पाडत, वायरी ओढत, कोणाची परवानगी न घेता. रडारपासून भाषाशास्त्रापर्यंत मोठं काम तिथे झालं, आणि ती 1998 पर्यंत टिकली. जागा आपली वाटली, ती आपल्याला हवी तशी करता आली, की डोकंही मोकळेपणाने चालतं. झोपाळ्याने ते साधत नाही.

म्हणून मी आधीचा 'छान' मागे घेऊन तीन गोष्टी कळवल्या. केबिन आत घ्या, खिडकीची कड सगळ्यांना द्या. बंद खोल्या वाढवा. इथल्या दुपारच्या मीटिंगसाठी पुण्यातली मंडळी रात्रीपर्यंत थांबतात, त्यांना शांतपणे बोलायला जागा हवी. आणि आराखडा आधी तिथे बसणाऱ्यांना दाखवा. खोल्यांना थोडा खर्च येईल, पण केबिन कागदावर हलवायला पैसे पडत नाहीत.

'विचार करू,' असं उत्तर आलंय. पाठपुरावा करतोय.

आपल्यापैकी अनेकजण आता अशा पदांवर आहेत, जिथे असे आराखडे मतासाठी येतात. हो म्हणण्याआधी एक फोन तिकडे लावा. 'तुला बसायला कुठे आवडेल?' एवढंच विचारा.