त्यांना डोहाळे म्हणू नये

सातव्या महिन्यातील सुनेला घेऊन एक सासूबाई दवाखान्यात आल्या. "डोहाळजेवणाचाही उत्साह नाही हिला, डोहाळेच असे रडके लागलेत," असे त्या कौतुकानेच म्हणाल्या. त्यांना बाहेर बसवल्यावर सून बोलली: तीन आठवडे ती पहाटेपर्यंत जागीच होती.

वाचकहो, गरोदरपणात मन हळवे होणे स्वाभाविकच. परंतु उदासी किंवा धास्ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. रक्तक्षय वा थायरॉइडच्या विकारातही असाच थकवा येतो. तेही तपासून घ्यावे. मनाच्या आजाराची गोळी आधीपासून चालू असल्यास "बाळाला बाधेल" म्हणून परस्पर बंद करू नये. (हा उद्योग बहुधा घरातील वडीलधारेच करतात!)

"आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल" हा उपदेश मात्र कृपया टाळा. त्याने दुःखात अपराधी भावनेची भर पडते. "रात्री झोप लागली का?" एवढेच विचारा आणि ऐकत बसा. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर तिला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. तेथे मराठीतही बोलता येते.