टॅब घेताय? आधी आईला विचारा!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की डिग्रीच्या चार वर्षं आधीच घरात एक पदवी मिळते. 'आपला इंजिनिअर'! मग तुम्ही सिव्हिलला असा नाहीतर केमिकलला. मावशीचा मोबाइल हँग होतोय, काकांना इन्व्हर्टर घ्यायचाय, शेजाऱ्यांच्या सेट टॉप बॉक्सला सिग्नल येत नाही... सगळ्या केसेस आपल्याच कोर्टात. दिवाळीचे सेल लागले की हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये फोनवर हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "अरे, घरी सिरियल बघायला एक टॅब घ्यायचाय. दहा-बारा हजारात कुठला चांगला?" आणि आपण जर्नल बाजूला सारून मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात विचारतो, "रॅम किती पाहिजे?"

इथेच माझं आपल्या सगळ्यांशी भांडण आहे. पहिला प्रश्न रॅमचा नाहीच मुळी, तो माणसाचा आहे. बघणार कोण? कुठे बसून? किती अंतरावरून? आणि नेट कुणाचं? ही चार उत्तरं मिळाली की टॅब जवळजवळ आपोआप ठरतो. ती न घेता निवडलेला टॅब हा आपल्या आवडीचा असतो, घरच्यांच्या गरजेचा नसतो.

आता बघणार कोण, ते पाहू. आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्ही एक आणि रिमोट बाबांकडे. बातम्या नाहीतर मॅच. आईची सिरियल लागते तेव्हा ती स्वयंपाकघरात असते, कान हॉलमध्ये आणि हात पोळीवर. म्हणजे 'घरी टीव्ही बघायला टॅब' याचा खरा अर्थ बऱ्याचदा 'ओट्याजवळ आईला तिचं काहीतरी बघता यावं' असा असतो. पण हे वाक्य कोणी बोलून दाखवत नाही. आई तर नाहीच नाही.

म्हणून आधी एक उलटा सल्ला. तीन-चार माणसं एकत्र बसून बघणार असतील तर टॅब घेऊच नका! दहा इंची पडद्याभोवती चौघं बसली की मानेचा प्रश्न सुरू होतो. घरात चालू टीव्ही असेल आणि त्याला एचडीएमआय पोर्ट असेल तर एक स्ट्रीमिंग स्टिक लावा. टॅबपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल. टॅब शोभतो तो एकट्याने बघणाऱ्याला, किंवा जागा बदलत बघणाऱ्याला. ओट्यावरची आई, पलंगावरचे आजोबा, नाइट शिफ्टहून आलेला दादा.

स्वस्त टॅबचा आपल्या देशाला एक मोठा अनुभव आहे आणि तो आपल्याच क्षेत्रातला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट आणला. विद्यार्थ्यांसाठी, जगातला सर्वात स्वस्त म्हणून! सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे नुसतं बोट टेकवून चालायचं नाही, दाबावं लागायचं. वेग आणि पडदा या दोन्हींवरून तक्रारी आल्या. मग २०१२ मध्ये पुढच्या आवृत्तीचं काम आयआयटी मुंबईकडे आलं आणि आकाश-२ मध्ये कपॅसिटिव्ह पडदा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम आली. हेतू चांगलाच होता. पण पहिल्या आकाशात किंमत आधी ठरली आणि वापरणाऱ्याचं बोट नंतर आठवलं, असं माझं मत आहे. आपण घरासाठी टॅब निवडताना नेमकं तेच करतो.

आता जरा टेक्निकल. घाबरू नका, व्हायवा नाही!

खोक्यावर 'फुल एचडी' छापलं म्हणजे फुल एचडी दिसेलच असं नाही. नेटफ्लिक्स, प्राइम यांसारख्या सेवांचं चित्र कुलूपबंद येतं. अँड्रॉइडवर त्या कुलपाचं नाव वाइडवाइन. त्याची पातळी एल-१ असेल तर कुलूप उघडणं आणि चित्र तयार करणं चिपच्या आतल्या सुरक्षित भागात होतं. एल-३ असेल तर ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि तिथून चोरी सोपी, म्हणून अशा टॅबला नेटफ्लिक्स ४८०पी चित्रच देतं. हिशेब करा. ४८०पी म्हणजे ८५४ × ४८०, साधारण चार लाख पिक्सेल. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, वीस लाखांच्या वर. म्हणजे एल-३ वाल्या टॅबवर फुल एचडी पडद्याचे पैसे मोजले तर पाचातल्या चार पिक्सेलचे पैसे पाण्यात!

आमच्या विंगमधल्या एकाच्या घरी असंच झालं. पडदा उत्तम, चित्र मात्र धुरकट. दुकानदार म्हणाला, "नेट स्लो असेल." घरच्यांनी दोन महिने नेटवाल्याशी भांडण काढलं. सुट्टीत हा घरी गेला, बघतो तर एल-३. नेटवाला बिचारा निर्दोष!

हे दुकानातच तपासता येतं. नेटफ्लिक्सच्या ॲपमध्ये सेटिंगच्या आत 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' नावाचं पान असतं. तिथे वाइडवाइनची पातळी आणि जास्तीत जास्त कोणतं चित्र मिळेल, दोन्ही दिसतं. दोन्ही बघा, कारण नुसतं एल-१ पुरत नाही. एचडी कोणत्या मॉडेलला द्यायचं याची त्यांची स्वतःची यादी असते. आणि जुन्या टॅबवर कस्टम रॉम टाकून घरी पाठवणाऱ्या कलाकारांनो, बऱ्याच डिव्हाइसवर बूटलोडर अनलॉक केला की एल-१ जाऊन एल-३ होतं. तुमचा प्रयोग, आईचा धुरकट पडदा.

अर्थात घरी प्लॅन कोणता आहे, तेही विचारा. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातला मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. तो फोनवर आणि टॅबवर चालणारा, टीव्हीवर न चालणारा, आणि चित्र ४८०पी. असा प्लॅन घेणाऱ्या घरात नेटफ्लिक्सपुरता एल-१ चा आग्रह व्यर्थ. पण आईचं मुख्य गिऱ्हाईक नेटफ्लिक्स नसतंच. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर (फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले ते हेच). तेव्हा ती जे बघते तेच ॲप दुकानात उघडून बघा. यूट्यूबवर ४के डेमो लावून देणाऱ्या सेल्समनला नम्र नमस्कार करा.

आता पडदा. नॉर्मल डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातलं अंतर वेगळं दिसतं, हे आपण फिजिक्सला शिकलो आणि विसरलो. ओट्यावर बरणीला टेकवलेला टॅब साधारण दोन फुटांवर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर असतो. तिथून इंचाला १४५ पिक्सेलच्या पलीकडचं बारीक काम डोळ्याला कळत नाही. १०.१ इंची पडद्याचं रिझोल्यूशन १२८० × ८०० असेल तर इंचाला १४९ पिक्सेल होतात. म्हणजे ओट्यासाठी तेवढं पुरतं! तोच टॅब हातात धरून ४० सेंटिमीटरवरून बघायचा तर साधारण २१८ लागतात. तिथे १९२० × १२०० घ्यावा, त्याचे २२४ होतात. सांगायचा मुद्दा, अंतर विचारल्याशिवाय रिझोल्यूशन सांगू नका.

आकारही बघा. मालिका १६:९ मापाच्या. १६:१० च्या पडद्यावर त्या ९० टक्के जागा व्यापतात, ४:३ च्या पडद्यावर फक्त ७५ टक्के. वाचायला ४:३ छान, पण बघायला वर-खाली काळे पट्टे.

मग पैसे कशावर खर्च करायचे? माझ्या मते आवाजावर. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, एक्झॉस्ट फॅन आणि फोडणी यांच्या गर्दीत एका बारक्या स्पीकरचं काही चालत नाही. आडवा धरल्यावर दोन्ही बाजूंना स्पीकर असावेत. दुकानात आवाज पूर्ण करून चार पावलं मागे जा आणि संवाद शब्द न् शब्द कळतो का बघा. आजोबांसाठी असेल तर हेडफोनचं गोल पोर्ट आहे का तेही पाहा. रोज ब्लूटूथ जोडणं त्यांच्याने होणार नाही. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सोडून द्या. रॅम चार जीबी खरी असली की सिरियलला भागतं. ती '४+४' वाली जाहिरात आपण तरी ओळखायला हवी. ऑपरेटिंग सिस्टीम्सच्या पेपरात स्वॅपवर चार मार्कांचं उत्तर लिहितो आणि दुकानात स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून विकत घेतो!

नेट हा चौथा प्रश्न. घरी वायफाय असेल तर बिनसिमचा टॅब घ्या, पैसे वाचतील. पण राउटर हॉलमध्ये आणि स्वयंपाकघर दोन भिंतींपलीकडे असेल तर ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ चाच सिग्नल तिथे नीट पोचतो, एवढं लक्षात ठेवा. घरी वायफाय नसेल तर मात्र सिमवालाच घ्या. नाहीतर हॉटस्पॉट बाबांच्या फोनवर आणि बाबा शेतावर. बाबा गेले की सिरियलही गेली! लोडशेडिंगचं गावही याच हिशेबात धरा. लाइट गेली की टॅब चालू राहतो, राउटर बंद पडतो. आणि डेटा मोजा. ५ एमबीपीएसने तासभर बघितलं तर सव्वादोन जीबी होतात. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर पाऊण तासात शिट्टी! ॲपमध्ये 'डेटा सेव्हर' लावून दिला नाही तर महिन्याभरात टॅब कपाटात जाणार.

शेवटची तपासणी वयाची. टॅब किती दिवस चालेल हे बॅटरीइतकंच अपडेटवर ठरतं. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ ची साथ गुगलच्या प्ले सर्व्हिसेसनी २०२३ मध्ये सोडली. पडदा ठणठणीत असला तरी ॲप 'तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही' म्हणतं आणि चांगली वस्तू भंगारात जाते. म्हणून सेलमध्ये दोन हजारांनी स्वस्त मिळणारं तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल खरं म्हणजे महाग असतं. कंपनी सुरक्षा अपडेट कुठल्या वर्षापर्यंत देणार, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर तेच उत्तर समजा.

कोणी म्हणेल, "एवढं कशाला? थोडे जास्त टाकून भारी टॅब घेऊ, अभ्यासालाही होईल." बरोबर! हेच वाक्य मला सर्वात धोक्याचं वाटतं. 'अभ्यासाला' म्हणजे कुणाच्या? टॅब आईच्या नावाने येतो, प्रोसेसर गेमच्या हिशेबाने ठरतो आणि सुट्टी संपली की एनपीटीईएलचं निमित्त सांगून तो बॅगेत शिरून हॉस्टेलला येतो. आई म्हणते, "ने बाबा, मला कुठे वेळ असतो." तिने भिशीतून साठवलेले पैसे, तिची वस्तू, आणि ती पुन्हा हॉलमधल्या टीव्हीला कान लावून पोळ्या लाटतेय. आपल्या अभ्यासाला टॅब लागत असेल तर तसं सरळ मागावं. त्यासाठी आईची सिरियल पुढे करू नये.

सर-मॅडम, आपणही गावाकडे आई-वडिलांना टॅब पाठवता. आपल्यालाही एक विनंती आहे आणि ती आम्हा मुलांनाही लागू आहे. नुसतं खोकं पाठवू नका, अर्धा तास बसून तो लावून द्या. अक्षरं मोठी, भाषा मराठी, बोलून मराठीत शोधायची सोय सुरू, तिच्या नावाचं प्रोफाइल, तिची दोन-तीन ॲप पहिल्या पानावर आणि बाकीची आत. आणि ओटीपी तिच्याच नंबरवर येऊ द्या. नाहीतर दर वेळी लॉगिन गेलं की तिला "अरे, तुझ्याकडे नंबर आलाय का बघ" म्हणून फोन करावा लागतो, आपण सबमिशनच्या गडबडीत फोन उचलत नाही आणि ती परत विचारत नाही. तेलकट हातांसाठी पुसता येईल असं स्टँडवालं कव्हर टॅबच्या बजेटमध्येच धरा. पाचशे रुपयांचं हे कव्हर मला एक जीबी रॅमपेक्षा मोलाचं वाटतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरून फोन आला की बाबांना म्हणा, "जरा आईला द्या." आणि तिला विचारा, तुला काय बघायचंय आणि कुठे बसून? कदाचित ती म्हणेल, "मला काही नको." तरी पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारल्यावर जे उत्तर येईल, तेच खरं स्पेसिफिकेशन.

बघा पटतंय का! नाही पटलं तर मेसमध्ये भेटूच.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी