लायब्ररी एकच, दुभाषे अनेक!

फायनल इयरचा ग्रुप ठरला, गेम बनवायचं ठरलं, की पहिला वाद हमखास लँग्वेजवरून होतो. एकाला पायथन हवी, दुसऱ्याला जावा, आणि तिसरा 'सी++ शिवाय मजा नाही' म्हणून अडून बसतो. गंमत अशी, की तिघांच्याही डोक्यात लायब्ररी बहुतेकदा एकच असते : एसडीएल. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालते, आणि २०१३ च्या २.० पासून लायसन्सही एकदम मोकळं. मग भांडण कशाचं? तर दुभाष्याचं, म्हणजे बाइंडिंगचं.

सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी सी मध्ये लिहिलेली आहे, आणि हे फार महत्त्वाचं. सी मधलं फंक्शन हाक मारायला सोपं, म्हणून जवळजवळ प्रत्येक लँग्वेजला ते बोलावता येतं. सी++ चे कंपायलर फंक्शनची नावं आपापल्या पद्धतीने बदलून ठेवतात. म्हणून तर एसएफएमएल या सी++ लायब्ररीला इतर लँग्वेजेससाठी सीएसएफएमएल नावाचा सी चा मुखवटा चढवावा लागला!

आता पायगेम घ्या. २००० साली आलेलं हे बाइंडिंग नवशिक्यांसाठी झकास आहे, यात वाद नाही. पंधरा-वीस ओळींत खिडकी उघडते, चित्र हलायला लागतं. पण दुभाष्याशी प्रत्येक बोलण्याला वेळ लागतो, हे विसरू नका. ८०० बाय ६०० च्या खिडकीत ४,८०,००० पिक्सेल असतात. एकेक पिक्सेल पायथनच्या लूपमधून रंगवायचा म्हटला, तर सेकंदाला ६० फ्रेम्ससाठी २ कोटी ८८ लाख वेळा हाक मारावी लागेल. झालं, गेमचा स्लाइड शो! तेच अख्खं चित्र एका ब्लिटमध्ये टाकलं तर एकच हाक. किंवा पिक्सेल्स नमपायच्या अॅरेत घेऊन एकदम बदला. म्हणजे 'पायथन स्लो आहे' हे अर्धंच खरं. सीमा किती वेळा ओलांडता, त्यावर सगळं आहे.

दुसरी गोष्ट कोणी बघतच नाही. एसडीएल २.० आली २०१३ मध्ये. पायगेम तिच्यावर अधिकृतपणे आलं ऑक्टोबर २०२० मध्ये, पायगेम २.० बरोबर. तब्बल सात वर्षं! ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची सोय लायब्ररीत होती, पण दुभाषा जुन्याच भाषेत बोलत होता. पुढे २०२३ मध्ये पायगेमचीही दोन घरं झाली आणि पायगेम-सीई वेगळं निघालं. जानेवारी २०२५ मध्ये एसडीएल ३ ची स्थिर आवृत्ती आली, म्हणजे हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा. रेलिबला तर ६० हून अधिक लँग्वेजेसची बाइंडिंग्ज आहेत म्हणे. असतील! त्यातली अनेक एकेकट्या माणसाने हौसेने लिहिलेली असतात. त्याला नोकरी लागली की तुमचा प्रोजेक्ट अधांतरी.

पायएसडीएल२ सारखं पातळ बाइंडिंग घेतलं, तर फंक्शनची नावं मूळ सी चीच राहतात, त्यामुळे सी चं डॉक्युमेंटेशन जसंच्या तसं चालतं. पण मेमरीही सी सारखीच स्वतः मोकळी करावी लागते. मग पायथन घेतली कशाला?

माझं मत विचाराल तर सेकंड इयरच्या मिनी प्रोजेक्टला डोळे झाकून पायगेम. फायनलला हजारो कण, टकरी, सिम्युलेशन असं काही असेल, तर सरळ सी++ मधून एसडीएल वापरा, तिथे दुभाषा लागतच नाही. 'आम्हाला पॉइंटर येत नाहीत' ही सबब पटत नाही. एफईला सी होतीच की, निदान जर्नल तरी उतरवलंय सगळ्यांनी!

आणि काहीही निवडलंत तरी पहिल्याच आठवड्यात एक रिकामी खिडकी उघडणारा प्रोग्राम पॅक करून लॅबच्या मशीनवर नेऊन चालवा, जिथे पायथनही नाही आणि एसडीएलची डीएलएलही नाही. तिथे खिडकी उघडली, की मग हिरोचं नाव काय ठेवायचं यावर खुशाल भांडा.