मुलांच्या माहितीपुस्तकाला सूची हवीच

पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितलं जातं. मधूनच उघडायचं, हवं तेवढं बघायचं, चित्रं चाळायची आणि ठेवून द्यायचं, हे उथळपणाचं लक्षण मानलं जातं. शिक्षक हे सांगतात, आजी-आजोबा सांगतात, वाचनसंस्कृतीबद्दल तळमळीनं बोलणारे लेखकही सांगतात. हे मत नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही, ते आपल्या पुस्तकांच्या बांधणीत उतरलं आहे. पक्षी, साप, किल्ले, ग्रह-तारे, शास्त्रज्ञ अशा विषयांवर मुलांसाठी मराठीत पुष्कळ पुस्तकं निघतात. त्यांतली माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक सारख्याच घडणीची आहेत. पुढे अनुक्रमणिका असते, तीही पुष्कळदा अशा काव्यमय मथळ्यांची, की आत काय आहे याचा पत्ता लागू नये. चित्राखाली एखादं नाव असतं किंवा तेही नसतं. आणि मागे सूची नसते.

गोष्टीच्या पुस्तकापुरतं हे जुनं मत मला पूर्ण मान्य आहे. ‘श्यामची आई’तली शेवटची रात्र आधी वाचून टाकणाऱ्या मुलाच्या हाती फारसं काही लागणार नाही. कथा, कादंबरी, चरित्र यांना ओघ असतो आणि त्या ओघातच त्यांचा अर्थ उलगडतो. पण माहितीच्या पुस्तकालाही तोच नियम लावणं ही चूक आहे, आणि तिची किंमत मुलं मोजतात.

खेड्यातली पाचवीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. गोठ्यामागच्या दगडांत तिनं लांबून एक जाडसर, डागाडागांचा साप पाहिला. घरात कुणी म्हणालं घोणस, कुणी म्हणालं डुरक्या घोणस. पहिली विषारी, दुसरी बिनविषारी, आणि दोघींना एकमेकींसारखं समजण्याची चूक मोठी माणसंही करतात. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कपाटातून तिला सापांवरचं पुस्तक मिळालं. तिला या घटकेला सापांची उत्क्रांती नको आहे, नागपंचमीची माहितीही नको आहे. तिला दोन नावं शेजारी-शेजारी ठेवून पाहायची आहेत. मागे सूची असेल तर ‘घ’मध्ये घोणस, ‘ड’मध्ये डुरक्या घोणस, पुढे पानांचे आकडे आणि चित्र असलेल्या पानाचा आकडा ठळक. ती एका पानात बोट घालून दुसरं पान उघडते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी आहेत. डुरक्याच्या पाठीवरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आहेत आणि शेपूट आखूड आहे.

हे तिला कशातून कळलं? चित्राखालच्या ओळीतून, पण ती ओळ नीट लिहिलेली असली तरच. चित्राखाली नुसतं ‘घोणस’ छापलं, तर ती झाली पाटी. ‘पाठीवरच्या तीन ओळी पाहा’ असं छापलं, की ती ओळ मुलीची नजर नेमक्या जागी नेते. पुढच्या पानावर मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या यांचा एक छोटा तक्ता असला, तर मण्यारीचे आडवे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट होत शेपटीकडे ठसठशीत होतात आणि कवड्याचे पुढच्या भागात जास्त उठून दिसतात, हेही तिला एका नजरेत कळतं. तेच दोन परिच्छेदांत सांगितलं असतं, तर तिला एक वाचताना दुसरा आठवत बसावा लागला असता. तिनं शंभर पानांतली तीन वाचली. त्या तीन पानांवर तिनं तुलना केली, शंका घेतली, मजकुरातून चित्राकडे आणि चित्रातून पुन्हा मजकुराकडे गेली. या वाचनाला उथळ म्हणणाऱ्यांनी मग सखोल वाचन कशाला म्हणायचं ते सांगावं.

दुसरा आक्षेप प्रकाशकांचा. सूचीनं पानं वाढतात, फॉर्म वाढतो, किंमत वाढते. आणि एवढ्याशा पुस्तकाला सूची हवी कशाला? हिशेबाची गोष्ट आहे, तर हिशेब करू. मुलांचं पुस्तक साधारणपणे आठ किंवा सोळा पानांच्या फॉर्मांत छापलं जातं. ६४ पानी पुस्तकाला सूचीची दोन पानं पुरतात. मजकूर फॉर्मात बसवताना शेवटी पानं उरली, तर त्यांवर ‘आमची इतर प्रकाशने’ येतात. म्हणजे जागा असते. कमी पडते ती सवड, कारण सूची सगळी पानं लागल्यावरच करता येते आणि तोवर लेखकाचं काम संपलेलं असतं, मुद्रक घाई करत असतो. हे काम कुणाचं, हेच ठरलेलं नसतं. लेखकाच्या करारात सूचीचं एक कलम आणि वेळापत्रकात तिचे चार दिवस घातले, तर ही अडचण सुटते. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर वर्णक्रम संगणक लावून देतो. कोणते शब्द घ्यायचे हे मात्र माणसानंच ठरवायचं असतं, आणि तिथंच जाणकार संपादकाचा कस लागतो.

परंपरेचा मुद्दा काढायचा, तर परंपराही सूचीच्याच बाजूची आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, तेव्हा सूचीसाठी एक स्वतंत्र खंड दिला. पैशाची चणचण, माणसांची चणचण, सगळं काम हातानं, आणि तरीही वाचकाला हवं ते सापडलं पाहिजे ही जबाबदारी त्यांनी आपली मानली. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची १९४३मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच नियमांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. मूल हाही वाचकच. मुलांच्या पुस्तकांपुरतंच बोलायचं, तर कोमेनिअस या मोरावियन शिक्षणतज्ज्ञाचं लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तक १६५८मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. युरोपातलं मुलांसाठीचं पहिलं सचित्र माहितीपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतात. त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आहेत आणि तेच आकडे मजकुरात त्या-त्या शब्दाला जोडलेले आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लाकडी ठशांवर जे जमलं, ते आजच्या ऑफसेट छपाईत जड जाण्याचं कारण नाही.

सगळ्यात नवा आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला आक्षेप म्हणजे गूगल. मोबाइलला विचारलं की उत्तर येतं, मग सूची आणि अनुक्रमणिका शिकवायची कशाला? या आक्षेपात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, मुलाला विचारायचा नेमका शब्द माहीत आहे. ज्या मुलीनं ‘डुरक्या घोणस’ हे नाव कधी ऐकलंच नाही, ती ते टाइप कसं करणार? सूचीवरून बोट फिरवताना तिला ते भेटतं. आपल्याला माहीत नसलेलं काय-काय आहे, हे सूची एका पानात दाखवते आणि अनुक्रमणिका विषयाचे भाग कसे पडतात ते दाखवते. शोधाच्या चौकटीत यातलं काहीच दिसत नाही, तिथं फक्त विचारलेल्याचं उत्तर मिळतं. दुसरं गृहीतक असं, की मराठी मजकूर संगणकावर सहज शोधता येतो. आपल्याकडच्या असंख्य जुन्या पीडीएफ युनिकोडपूर्वीच्या फाँटांत आहेत. त्यांत ‘घोणस’ लिहून शोधलं, तर शब्द समोर पानावर दिसत असताना संगणक ‘सापडला नाही’ म्हणतो. शिवाय स्क्रीनवरही मथळे, उपमथळे, चित्रओळी, तक्ते असतातच. ते न वाचता वरचं पहिलं वाक्य उचलणारं मूल पुस्तकातही तेच करतं. पुस्तकात शोधायला शिकलेलं मूल स्क्रीनवर जास्त सावध असतं, हा माझा अनुभव आहे.

आता शाळेकडे वळतो, कारण मूळ दुखणं तिथं आहे. धडा संपला की खालचे प्रश्न येतात. बाई किंवा सर पुस्तक उघडायला लावतात आणि सांगतात, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘येथून... येथपर्यंत’. मुलं पेन्सिलीनं दोन कंस करतात आणि कंसातलं वहीत उतरवतात. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते कंस अनोळखी नसतील. ज्या क्षणी मुलानं शोधायला सुरुवात करायची, नेमक्या त्या क्षणी आपण त्याच्या हातातून शोध काढून घेतो. उरलेलं काम गाइड करतं. मग तेच मूल आठवी-नववीत प्रकल्पासाठी माहिती गोळा करताना नेटवरची चार पानं छापून चिकटवतं, आणि आपण ‘स्वतःचं काही लिहिता येत नाही’ म्हणून त्यालाच बोल लावतो.

बालभारतीच्या पुस्तकांत साधनांची वाण नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं. ‘परिसर अभ्यासा’त ‘माहीत आहे का तुम्हांला?’, ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी आहेत. भूगोलात नकाशाचं शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची शिकवली जाते. पण परीक्षेत विचारत नाहीत म्हणून चौकटी ओलांडून वर्ग पुढे जातो, आणि नकाशाची सूची न बघताच मुलं नद्यांची नावं पाठ करतात. मुलाला नकाशावर स्वतःचा जिल्हा शोधू द्यावा, प्रमाण वापरून तिथून मुंबई किती लांब ते मोजू द्यावं. त्याला एक तास लागेल, आणि तो तास सत्कारणी लागेल.

माझ्याच बाजूनं बोलणाऱ्या काही जणांशीही माझा वाद आहे. अमेरिकेत २०१०च्या ‘कॉमन कोर’ या शालेय मानकांत दुसरीच्या मुलाला चित्रओळी, ठळक अक्षरं, उपशीर्षकं, शब्दार्थ, सूची यांच्या मदतीनं माहिती शोधता आली पाहिजे, अशी अपेक्षा घातली गेली. अपेक्षा रास्तच आहे. पण ती वर्गात उतरते तेव्हा पुष्कळदा कार्यपत्रिका होते आणि आपल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गांतही तशीच येते. ‘ठळक शब्दाला गोल करा, चित्रओळीखाली रेघ मारा, जोड्या लावा.’ मुलाला सगळी नावं पाठ होतात आणि एकही गोष्ट शोधावी लागत नाही. दुसऱ्याच शब्दांत ही पुन्हा ‘येथून येथपर्यंत’च आहे. मुलाचा स्वतःचा प्रश्न असल्याशिवाय सूची शिकवताच येत नाही. काजवा का चमकतो, पन्हाळ्यावर पाणी कुठून येत असे, चंद्रावर आवाज ऐकू येतो का, हे आधी मुलानं विचारलेलं हवं. पुस्तक मग समोर ठेवावं आणि शिक्षकानं थोडा वेळ गप्प बसावं. मूल आधी कुठं बघतं, कोणता शब्द शोधतं, तो न मिळाल्यावर दुसरा कोणता घेतं, हे पाहत राहावं. तेच त्या तासाचं मूल्यमापन.

मराठीत सूची करताना काही गोष्टींचा विचार आपल्यालाच करावा लागेल, इंग्रजीवरून उचलून चालणार नाही. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी असतात, बऱ्याच कोशांत मात्र क्ष हा ‘क’च्या पोटात येतो. मुलांच्या सूचीत काय केलं आहे, ते सूचीच्या डोक्यावर एका ओळीत सांगावं. जोडाक्षरांचा क्रम उदाहरणानं दाखवावा. आणि ‘पाहा’ अशा नोंदी सढळ हातानं द्याव्यात. ‘बिबटा : पाहा बिबळ्या’, ‘साळू : पाहा साळिंदर’. एका जिल्ह्यातल्या मुलाचा शब्द दुसऱ्या जिल्ह्यातल्या लेखकाच्या पुस्तकात नसतो. तो शब्द सूचीत सापडला नाही, की ही माहिती पुस्तकात नाहीच, असं मूल समजतं आणि पुस्तक मिटतं. एका ‘पाहा’नं चांद्याचं मूल आणि सावंतवाडीचं मूल दोघंही योग्य पानावर पोचतात.

सूचीतून शोधणारं मूल अखंड वाचनाला मुकेल, ही भीती मला अनाठायी वाटते. शोधायला गेलेलं मूल शेजारच्या पानावर थबकतं, दुसरं काहीतरी वाचू लागतं, आणि ज्याला पुस्तकात हवं ते सापडतं ते पुन्हा पुस्तकाकडे येतं. ज्याला काहीच सापडत नाही, ते परत येत नाही.

प्रकाशकांना माझं सांगणं एवढंच आहे की पुढच्या माहितीपुस्तकाची पानं लावताना शेवटची दोन पानं सूचीसाठी राखून ठेवा आणि ती करणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत छापा. शिक्षकांनो, एक आठवडा ‘येथून येथपर्यंत’ बंद ठेवून पाहा. आणि पालकांनो, मुलासाठी माहितीचं पुस्तक विकत घेण्याआधी ते मागून उघडा. सूची नसेल, तर दुकानदाराला तसं सांगा, आणि प्रकाशकाला एक पत्र टाका.